एक लुगडं, अकरा फोटो

पौष अर्धा सरला की आमच्या महाडच्या आसपासची खाचरं पुन्हा हिरवी होतात. भात केव्हाच घरात आलेलं असतं, जमीन भेगाळायच्या बेतात असते, आणि त्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल वर येतो. त्याला पाणी द्यायला नको, त्याचं कौतुक करायला नको. सकाळच्या दंवात शेंगांना एक उग्र हिरवा वास सुटतो. ज्याला आवडतो त्याला आवडतो, बाकीचे नाक मुरडतात. यंदा शेंगांची पाटी दारात आली, तेव्हा मी नेहमीसारखी सोलायला बसले आणि चौथ्या शेंगेला थांबले. उजवं मनगट. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि हातावर पडले. सूज उतरली म्हणायची, पण बोटांत जोर नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पुण्याला मुलाला कळलं की तो मला इथून उचलून नेणार आणि या घराला कुलूप लागणार. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो? रोज फोनवर तो विचारतो, बरी आहेस ना, आणि मी म्हणते, मला काय धाड भरलीय.

अशात परवा त्याचीच मुलगी, माझी नात, आली. मुक्ता आणि तिचा नवरा वरंधा घाट उतरून एक भली थोरली गाडी घेऊन आले आणि ती आमच्या अंगणात लावली. गाडीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. आठ दिवस यातच राहायचं, यातच रांधायचं आणि पोलादपूरकडचे डोंगर पालथे घालायचे, असा बेत. "आजी, याला कॅम्परव्हॅन म्हणतात," मुक्ता मला समजावून सांगायला लागली. "आणि तुमच्या या भागाची कुणाला कदरच नाही गं. सगळे रोपवेने रायगडावर जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आतल्या वाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही."

"तिथे राहणारे बघतात की," मी म्हटलं.

ती हसली. मग मी तिला सांगितलं, की माझ्या संसाराच्या पहिल्या वर्षातले चार महिने अशाच गाडीत गेले. तिचा विश्वास बसेना. नातवंडांना वाटतं, आपली आजी जन्मली तीच देवघरात.

महाराष्ट्र व्हायला अजून एक-दोन वर्षं होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि लग्न होऊन सहा महिने झालेले. यांचं महाडच्या पेठेत फोटो स्टुडिओचं दुकान होतं. 'यांचं' म्हणजे माझ्या नवऱ्याचं. नाव घ्यायची सवय मला उखाण्यापलीकडे कधी लागली नाही आणि आता लावून घ्यायची इच्छा नाही. घरात चौदा माणसं. नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीपर्यंत जावं लागे, आणि तिथेही कुणीतरी धुणं धूत असेच. अशात यांनी कुठूनशी लढाईनंतर मोडीत निघालेली मिलिटरीची अँब्युलन्स मिळवली. सासरे म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या कमी होत्या, आता लष्कराची गाडी आणली." पण यांच्या डोक्यात एक कल्पना पक्की होती. डोंगरातले सगळे गडी मुंबईला गिरणीत. त्यांच्या बायका आयुष्यात फोटो काढायला महाडला येणार नाहीत. मग फोटोनेच त्यांच्याकडे जावं. आणि बायका लाजतात, म्हणून बरोबर घरची बाई हवी. ती बाई मी. चौदा माणसांच्या घरातून मला कुणी उघड्या रानात नेतोय म्हटल्यावर मी आढेवेढे घेतले असते तर मीच वेडी ठरले असते.

गाडीत दोन्ही बाजूंना जखमी शिपायांसाठी टांगलेली स्ट्रेचरं होती. ते आमचे पलंग. मागचा कोपरा लाल-काळ्या कापडाने बंद करून यांनी डार्करूम केली. पुढे स्टोव्ह, दोन पातेली, एक पाट. फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास आणि वालाचा वास, दोन्ही एकत्र. कारण वाड्यांवर बायका फोटोच्या बदल्यात वाल, नाचणी, एखादं अंडं असं काहीबाही द्यायच्या, आणि आम्ही रोज वालाचं बिरडं खायचो. अजून भिजलेले वाल सोलताना मला क्षणभर फोटोचा वास येतो. डॉक्टरला सांगितलं तर म्हणतील, वय झालं.

गाडीवर तांबडा क्रॉस होता. यांनी त्यावर हिरवा तेलरंग दोनदा मारला, तरी उन्हात तो आतून दिसायचाच. त्यामुळे जाऊ तिथे आधी ताप, खोकला, गळू आणि पोट धरलेली मुलं पुढे यायची. "दवाखाना आला गो," अशी हाळी वाडीवर जायची. मी सांगून सांगून दमायची, की हा दवाखाना नाही, फोटोची गाडी आहे. मग लोक थोडे हिरमुसायचे, आणि मग आलोच आहोत तर म्हणून फोटो काढून घ्यायचे. मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

काय काय पाहिलं त्या चार महिन्यांत! वाळण कोंडीच्या डोहातले देवीचे मासे, चुरमुऱ्याला माणसाच्या हातापर्यंत येणारे. पाचाडची थंडी, हिरकणीवाडीतून वर पाहिलं की मान मोडेल असा गड, आणि त्या गडाचं काडीचंही अप्रूप नसलेल्या, गवताचे भारे वाहणाऱ्या बायका. पोलादपूरच्या पुढे सावित्रीच्या कडेने दगडगोट्यांतून गाडी जायची तेव्हा पातेली आपापसांत भांडायची. कुडपणला तर गाडी जातच नव्हती. पायथ्याला लावून, कॅमेरा डोक्यावर घेऊन हे चढले आणि पाण्याचा हंडा घेऊन मी. वर पोचले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि वरची एक म्हातारी म्हणाली, "शेरातली मान्सं कागदाची गो."

माझ्या शहाणपणाचाही एक मासला सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, आणि त्या काचा धुवायला वाहतं गार पाणी लागायचं. पौषातलं ओढ्याचं पाणी म्हणजे बोटं गळून पडतील असं. महाडजवळ सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत. मी म्हटलं, तिथे धुऊ या, निदान हात तरी शेकतील. हे म्हणाले, "काचेवरचा लेप गरम पाण्याला टिकत नाही." मी म्हटलं, "कोमट करून घेऊ, तुम्हाला सगळ्याचीच भीती." हे नदीवर गेले असताना मी दोन काचा झऱ्याच्या पाण्यात बुडवल्या. डोळ्यांदेखत एक अख्खं कुटुंब, आजोबांच्या पागोट्यासकट, काचेवरून सुटून पाण्यात गेलं. हे रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "आपण परत जाऊन त्यांचा फोटो काढू." ते न रागावणं मला इतकं लागलं, की पुढचे दोन दिवस मीच रुसून बसले.

तर अशी मी. आणि आता ती वाडी.

पोलादपूरपासून आत, डोंगराच्या कुशीतली. नाव सांगत नाही; तिथली नातवंडं आता शिकूनसवरून मोठी झाली आहेत, उगाच कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर नको. ओढ्यापर्यंत गाडीवाट होती, आणि ओढ्याकाठी वाडीचं खळं; तिथेच गाडी लावून आम्ही खुर्ची मांडली. बायका अकरा, ज्यांचे नवरे मुंबईला. त्या वाडीची मुंबईत एक खोली होती. आमच्याकडच्या प्रत्येक गावाची असायची तशी, गावकीची. वीस-बावीस गडी एकाच खोलीत, पाळीपाळीने झोपायचे. एक कामावरून आला की दुसऱ्याच्या वळकटीची जागा घ्यायचा. या अकरा जणी नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार नाहीत. पाकिटावर काय लिहू विचारलं, तर एक लाजून म्हणाली, "दाराकडनं तिसरी वळकटी." नाव शेवटी पाटलीणबाई सांगायच्या.

वाडीत चांगलं लुगडं एकच. पाटलीणबाईंचं, हिरवं, तांबड्या काठाचं. नथही एकच, चापाची. पाटलीणबाई मोठ्या मनाच्या. "माज्या लेकी-सुना समद्या. नेसा गो," म्हणाल्या. आणि मग सकाळपासून मी गाडीत बसून एकीला नेसवायची, नथ लावायची, केस चापून बसवायची, पावडर लावायची. ती खुर्चीवर बसून फोटो काढून यायची. मी लुगडं सोडून पुढचीला नेसवायची. नेसवून नेसवून माझे हात भरून आले, पण मला आनंदाचं भरतं आलं होतं. मळकी, उन्हाने रापलेली बाई आत यायची आणि माझ्या हातून पाटलीण होऊन बाहेर पडायची. बाहेर बाकीच्या जणी एकमेकींना चिडवायच्या, "आता बगून येडा व्हनार गो तुजा गिरनीवाला."

एक गोष्ट आम्हा सगळ्या शहाण्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आली नाही. हे अकरा फोटो मुंबईत एकाच खोलीत जाणार होते.

अकरावी भागी. दुपार कलली तरी तिचा पत्ता नव्हता. तिचा नवरा, गणपत, तीन शिमगे घरी आला नव्हता. शिमग्याला येत नाही तो गडी गावाला परका झाला, असं आमच्याकडे समजतात. कुणी म्हणायचं गिरणीत बदलीवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजावर आहे, दिवस मोडला तर जागा जाईल. कुणी वेगळंच काही डोळे मिचकावून सांगायचं. तो गेला तेव्हा भागीला दिवस होते. मुलगा अडीच वर्षांचा झाला, बापाने पाहिलेला नाही. घरात डोळ्यांनी अधू सासू. यंदाच्या शिमग्याला तो आला पाहिजे, एवढं एकच भागीला हवं होतं, आणि हे सगळ्या वाडीला माहीत होतं. म्हणून पाटलीणबाईंनी मला बजावलं होतं, "त्या भागीला झ्याक नटव, बाय."

ती आली ती डोक्यावर कवळाचा भारा घेऊन. कवळ म्हणजे झाडांच्या कोवळ्या फांद्या. पौष-माघात त्या तोडून आणायच्या, वाफ्यावर पसरायच्या आणि उन्हाळ्यात जाळून राब करायचा, मग त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप चांगलं येतं. हे सगळं मला तेव्हा पुस्तकातल्यासारखं ठाऊक होतं. भागी खुर्चीजवळच थांबली. डोक्यावर ऐन-किंजळीच्या फांद्यांचा डोंगर, हातात कोयता, लुगड्याला धरून मुलगा, उन्हाने बारीक केलेले डोळे. कॅमेरा खुर्चीवर लावलेलाच होता. हे म्हणाले, "जरा तशीच थांब गं," आणि काळ्या फडक्यात शिरून त्यांनी फोटो घेतला.

मी गाडीतून ओरडले, "अहो, काच फुकट घालवू नका. दोनच उरल्यात."

भागीने भारा टाकला आणि गाडीपाशी आली. तिच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती, रक्त वाळून काळी पडलेली.

"बाय, ही दवाखान्याची गाडी ना गो?" तिने विचारलं.

"नाही गं. फोटोची आहे. हाताला काय झालं?"

"कोयता लागला."

"हळद भर चांगली आणि झाकून ठेव," मी म्हटलं.

ती थोडा वेळ त्या हिरव्या रंगातून दिसणाऱ्या क्रॉसकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. मंग फोटू काडा."

तिला मी सगळ्यांत सुंदर नटवली. नथ तिलाच शोभली. मुलाला कुणाची तरी जरीची टोपी घातली. मांडीवर मूल बसवलं, आणि ती चिंधी दिसू नये म्हणून तिचा उजवा हात मुलाच्या पाठीमागे घेऊन त्यावर पदर नीट पसरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला माझंच कौतुक वाटलं होतं, हे आज कबूल करते.

आठ दिवसांनी फोटो घेऊन आम्ही परत गेलो. प्रत्येकीचं पत्र मी लिहायचं, पाकिटात फोटो घालायचा, आणि पोलादपूरच्या पोस्टात टाकायचं, असं ठरलेलं. अकराही जणींनी एकच मजकूर सांगितला. इकडे सर्व खुशाल. भागीला मी विचारलं, "हाताचं लिहू?"

"नको गो. तितं कामावर आसतात, जीवाला घोर लागल. लिव, खुशाल हाय."

मग मी तिला दोन्ही फोटो दाखवले. लुगड्यातला तिने खूप वेळ पाहिला, आणि मुलाच्या टोपीवरून बोट फिरवलं. भाऱ्याचा पाहून नजर खाली घातली. "तुला कळतं, बाय. बरा आसंल तो धाड," म्हणाली.

गाडीत आल्यावर हे म्हणाले, "भाऱ्याचा पाठव. किंवा दोन्ही पाठव."

"तीन वर्षांनी बायकोचं तोंड बघणार तो, आणि ते असं? घामाने डबडबलेलं, डोक्यावर लाकूडफाटा?"

"त्याला ओळखू तर आली पाहिजे."

"बायकांचं तुम्हाला काय कळतं," मी म्हटलं, आणि लुगड्यातला पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. झऱ्याच्या पाण्यात काचा बुडवल्या तो हातही हाच होता.

फाल्गुन आला. आम्ही गाडी घेऊन महाडला परतलो होतो. शिमग्याला मुंबईहून गडी येऊ लागले, पेठेत ट्रंका, नव्या चपला दिसू लागल्या आणि 'अपुन', 'खाली-पिली' असे शब्द कानावर येऊ लागले. पाटलीणबाईंचा दीर धोंडू दुकानात आला तो हसतच. आल्या आल्या यांच्या पाया पडला आणि पुन्हा हसायला लागला.

"भाऊ, काय केलंव तुमी! समदी पाकिटं एकाच दिशी आली. आमी आपले हौशीनं समदे फोटू दोरीवर टांगले. बगतो तर काय, अकराच्या अकरा बाया हिरव्या लुगड्यात. नथ बी तीच. चाळीतली मान्सं लोटली ना बगायला. बोलली, तुमच्या गावात बायको एकच हाय काय रे?"

हे हसले. मीही हसले. मग मी विचारलं, "गणपत आलाय का तुमच्याबरोबर?"

धोंडूचं हसू आवरलं. "नाय, वयनी. त्याला समद्यांनी लई चिडवला. तो बोलला, माझी भागी तर पाटलीन झाली, पोराला जरीची टोपी हाय, पत्रात खुशाली हाय. मंग मी खाडा करून, जागा घालवून, जाऊन काय करू? पैसं धाडतो तेवडं बरं."

चौथा शिमगा. मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. तो वाईट माणूस नव्हता. आम्ही त्याला जे दाखवलं ते त्याने खरं मानलं, एवढंच. भागीने 'खुशाल' सांगितलं तो तिचा सोसण्याचा धर्म होता. पण पदर मी पसरला होता. तिला तो यावासा वाटत होता, आणि मी त्याला असं चित्र पाठवलं, की ज्यात त्याची काही गरजच दिसत नव्हती. मला रडू आलं आणि सासूबाईंनी विचारलं, काय झालं, तर मी धूर गेला म्हटलं. खुशाली सांगायची खोड काही डोंगरातल्याच बायकांना नसते.

दुसऱ्या दिवशी मी भाऱ्याचा फोटो पाकिटात घातला. सोबत लिहायला कागद घेतला आणि तशीच बसून राहिले. हाताचं लिहू नको असं तिने सांगितलं होतं. बाकी लिहायचं तरी काय? मी कोण होते लिहिणार? शेवटी नुसता फोटो पाठवला. यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बरं केलंस." 'मी सांगत नव्हतो का' असं म्हणाले नाहीत. माणसाने इतकंही चांगलं असू नये.

चैत्रातली दुपार होती. दुकानासमोर एक माणूस ट्रंक घेऊन उभा राहिला. किडकिडीत, डोळे खोल गेलेले, कपड्यांवर कापसाचा बारीक तूस. त्याने टोपीतून फोटो काढून यांच्यापुढे धरला.

"भाऊ, ह्यो फोटू तुमीच काडलात ना?"

हे हो म्हणाले. मी आतल्या दारात येऊन उभी राहिले.

"ह्या डोक्यावर कवळ हाय," तो म्हणाला. "झाडावर कोन चढलं? बापयाचं, गड्याचं काम हाय ता. माज्या घरात चढनारा माज्याबिगर कोन नाय." त्याने फोटोवर बोट ठेवलं. "आनी ह्यो कोयता बगा. डाव्या हातात हाय, उजवा पाल्याआड. भागी डावरी नाय. उजव्याला काय झालं तिच्या?"

मी तो फोटो किती वेळा पाहिला असेल. उजेड कसा पडलाय, डोळे कसे मिटलेत, कपाळावर घाम कसा दिसतो, सगळं पाहिलं होतं. कोयता डाव्या हातात आहे, हे मला दिसलं नव्हतं. हा माणूस तिच्याबरोबर पुरतं एक वर्ष राहिला होता, आणि त्याला दिसलं.

यांनी दुकान बंद केलं. गाडी काढली. गणपत पुढे बसला होता, मांडीवर ट्रंक, ट्रंकेवर फोटो पालथा.

भागी अंगण सारवत होती. डाव्या हाताने. आम्हाला पाहून उठली आणि उजवा हात पदराखाली घेतला. तसाच, मी शिकवला होता तसा. गणपत तिच्यापुढे गेला, पदर बाजूला केला आणि तिचा हात हातात घेऊन एकेक बोट उलगडून बघायला लागला. शेवटची दोन उलगडेनात. सगळी वाडी दारादारांतून बघत होती, आणि उघड्यावर नवऱ्याने बायकोचा हात धरलेला त्या वाडीने त्याआधी पाहिलेला नसावा.

भागी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तू लिवलंस?"

"नाही गं," मी म्हटलं. "एक अक्षर लिहिलं नाही."

मग ती त्याला, नाव न घेता, नजर जमिनीवर ठेवून म्हणाली, "बसा. पानी आनतंय."

"तू बस," गणपत म्हणाला. त्याने ओटीवरची घागर उचलली आणि तो ओढ्यावर पाण्याला गेला. गडीमाणूस, मुंबईचा कपडा अंगात, डोक्यावर घागर. मुलगा आईला घट्ट धरून त्या परक्या माणसाकडे बघत होता. भागी खाली बसली आणि सारवणाचा हात तसाच तोंडावर घेऊन रडली. मी जवळ जाऊन बसले.

त्याच गाडीतून तिला महाडला डॉक्टरकडे आणलं. त्यांनी बोटं दाबून पाहिली, आत शीर तुटली होती. म्हणाले, "आता ही सरळ होणं कठीण. पहिल्या आठ दिवसांत आली असती तर काही करता आलं असतं." आठ दिवसांत आम्ही दोनदा तिच्या दाराशी उभे होतो, गाडीवर तांबडा क्रॉस घेऊन. एकदा हळद भर म्हणून सांगायला आणि एकदा खुशाल आहे म्हणून लिहायला.

गणपत लावणी उरकेपर्यंत राहिला. मुंबईची जागा गेली ती गेली, पुढे दुसरीकडे मिळाली. त्यानंतर तो शिमग्याला यायचाच, पण पौषातही पंधरा दिवस यायचा, कवळ तोडायला. जाता-येता दुकानात डोकावायचा. भाऱ्याचा फोटो त्याने ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. लुगड्यातला आईला दिला, म्हणाला. तिला काय, दिसत नाय. आणि स्वतःच हसला. भागी वाल पाठवायची माझ्यासाठी, दरवर्षी, न चुकता, भिजवून सोललेले. दोन मिटलेल्या बोटांनी ती ते कसे सोलत असेल, याचा विचार करत मी बिरडं खायची.

आता ती दोघंही नाहीत, हेही नाहीत. ती गाडी केव्हाच भंगारात गेली. त्या वाडीला डांबरी रस्ता गेलाय, असं मुक्ता फोनवर नकाशा बघून सांगते. खळं मात्र नकाशात दाखवत नाही.

काल संध्याकाळी मुक्ता म्हणाली, "आजी, आमच्या गाडीच्या दारात बस ना. पुढ्यात शेंगांची पाटी घे. बाबाला फोटो पाठवते, खूश होईल." तिने माझ्या खांद्यावर चांगली शाल घातली, केस सारखे केले. मी बसले. ऊन कललं होतं, शेंगांचा वास येत होता. मुक्ताने फोन वर धरला, आणि मला जाणवलं, की माझा उजवा हात आपोआप पदराखाली गेलाय. त्यावर पदर नीट पसरलासुद्धा होता. इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता.

मी तो बाहेर काढला आणि पाटीच्या काठावर, शेंगांवर ठेवला. सुजलेला, निळसर, बोटं अर्धी मिटलेली. आणि शेंग उचलली ती डाव्या हाताने.

मुक्ताने फोन खाली घेतला. "आजी, हाताला काय झालं?"

"ते मग सांगते. आधी फोटो काढ," मी म्हटलं. "आणि पाठवताना खाली काही लिहू नकोस. बघू तुझ्या बाबाला दिसतं का."